लिलावातून परतलेला लेथ

मी एक जुना लेथ आहे. जुना म्हटलं म्हणून लगेच भंगारवाल्याला हाक मारू नका हं! लोखंड गरगर फिरवून, कापून, त्याला हवा तो गोल आकार देणं हे माझं काम. तुमच्या सायकलच्या चाकातला, विहिरीवरच्या पंपातला गुळगुळीत दांडा माझ्याच भाऊबंदांनी केलेला असतो. कुणी आमचं नाव घेत नाही, ते असो.

माझं अंग राजकोटला ओतलं गेलं. तिथून ट्रकने नाशिकला आलो, तो थेट सिडकोत, मोहिनी पगारे यांच्या घराखालच्या गाळ्यात. "बाईमाणूस लेथ चालवणार?" असं शेजारीपाजारी कुजबुजले. ताईंनी ओढणी काढून खुंटीला टांगली, कारण फिरत्या मशीनजवळ लोंबतं कापड चालत नाही, आणि पहिला दांडा असा सफाईने उतरवला की मीच चाट पडलो. वर्षानुवर्षं हप्ते भरून त्यांनी मला पुरता आपला केला. त्यांच्या घरची चूल माझ्यावरच पेटत होती.

पुढे अंबडच्या एका पंप कंपनीने ताईंना सांगितलं, "मशीन आमच्याच शेडमध्ये लावा. जागा आमची, वीज आमची, काम भरपूर, होईल त्या कामाचे पैसे तुम्हाला. मशीन मात्र तुमचंच राहील." आमच्या औद्योगिक वसाहतीत अशी रीत आहे. ताईंनी मला तिथे नेलं. कंपनीने माझ्यावर गोरक्ष नावाचा कारागीर दिला. तो वणीचा. अहो, काय हात होता त्याचा! मी जरा कुरकुरलो की काम थांबवून आधी तेल घालायचा. "दमलास का रे?" असं विचारायचा. मला तो फार आवडायचा, उगाच कशाला लपवू?

खंडेनवमीला सगळे कामगार यंत्रं धुऊन-पुसून पूजा करत. एका वर्षी त्यांनी सगळ्या मशीनना कंपनीचा हिरवा रंग द्यायचं ठरवलं. मी एकटाच करडा. गोरक्ष म्हणाला, "ह्याला का वेगळं ठेवायचं? आपल्यातलाच हाय तो." घासकाम नीट व्हावं म्हणून त्याने माझ्या अंगावरची नंबराची पट्टी उचकटली आणि ती कचऱ्यात गेली. मग हिरवा रंग, झेंडूचा हार, पेढे. मी इतका खूश झालो म्हणून सांगू!

पण मित्रांनो, दोन-तीन वर्षांतच कंपनीचं दिवाळं निघालं. प्रकरण न्यायाधिकरणात गेलं. कंपनी विकत घेऊन चालवणारा कुणी मिळतो का ते पाहिलं, कुणी आलं नाही. शेवटी सगळं विकायचा हुकूम निघाला आणि त्यासाठी एक साहेब नेमले गेले. त्यांना लिक्विडेटर म्हणतात. बंद कंपनीचं सामान विकायचं आणि बँका, कामगार, ज्यांचं ज्यांचं येणं राहिलंय त्यांना कायद्याप्रमाणे वाटून द्यायचं, हे त्यांचं काम. कंपनीकडे असलेली दुसऱ्याची वस्तू मात्र त्यांना विकता येत नाही.

साहेब शेडमध्ये आले. मी धुळीने माखलो होतो. मोहिनीताई माझं बिल घेऊन धावत आल्या. साहेबांनी माझ्याभोवती फेरी मारली आणि शांतपणे विचारलं, "ताई, बिलावरचा नंबर मशीनवर कुठे आहे? हा लेथ बाकीच्यांसारखाच हिरवा आहे. तुमचाच आहे हे मी कशावरून मानू?"

ताईंचा चेहरा उतरला. माझ्याशिवाय त्यांचा गाळा बंदच होता. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण लेथला कुठली आलीय वाचा!

कामगार दाराशी उभे होते. त्यांचे पगार थकलेले. त्यांच्यातला पुंजा गोरक्षच्या कानाशी लागला, "गप ऱ्हाय भो! हा लेथ विकला तर आपल्याच वाट्यात भर पडंल. तुला काय पडलंय?" पुंजा वाईट नव्हता हो. त्याच्या घरीही खाणारी तोंडं होती.

गोरक्ष माझ्याजवळ आला. "सायेब, हा लेथ कंपनीचा नाय. ताईंचा हाय. नंबराची पट्टी मीच काढली व्हती, दसऱ्याच्या रंगकामात. लिहून घ्या, मी सही करतो."

साहेबांनी त्याचं प्रतिज्ञापत्र घेतलं, कागदपत्रं ताडून पाहिली आणि मला लिलावातून वगळलं. टेम्पो आला तेव्हा एरवी गोरक्षबरोबर चहा पिणारे कामगार त्याच्याकडे पाठ फिरवून उभे राहिले. पुंजा तर गोरक्षशी बोलेनासा झाला.

ताई गोरक्षला म्हणाल्या, "भाऊ, उद्यापासून माझ्याकडे या. लेथ तुमच्याच हातात देते."

गोरक्षने मान हलवली. "आता नाय ताई. आता आलो तर लोक म्हणतील, कामासाठी बोलला. मग माझ्या बोलण्याला काय किंमत? आमच्या थकल्या पगाराचं वाटप होऊन जाऊ द्या. तवर ह्याला तेल घालत जा."

आता मी पुन्हा सिडकोत आहे. ताई रोज तेल घालतात. गोरक्ष सध्या नाक्यावर मिळेल ती हमाली करतो, असं कानावर येतं. त्या हातांनी पोती उचलावीत! मला फार वाईट वाटतं.

आम्ही वस्तू नेहमी सांगतो, आम्हाला जपा, गंजू देऊ नका. माझं आज एवढंच मागणं आहे. मित्रांनो, तुमच्यात कुणी स्वतःचं नुकसान सोसून खरं बोललं, तर त्याच्याकडे पाठ फिरवू नका. त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा.