बाबांच्या चकाकीवर स्टील वूल

"बाबा, मी तुमचं पॉलिश उतरवू?"

प्रश्न एवढासाच, पण तो विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी लावली होती ती काही उगाच नाही. वर्गात जिला सगळे 'तोफ' म्हणत, तीही दोनदा कारखान्याच्या दारातून परत फिरली होती. कारण बाबा फर्निचरला पॉलिश करायचे आणि अख्खी गल्ली त्यांना चकचककाका म्हणायची. त्यांच्या हातून गेलेल्या कपाटात बघून लोक टाय बांधत. लेकीच्या एअर रायफलचा लाकडी दस्ता त्यांनी इतक्या मायेने वार्निश केला होता, की तिने नेम धरायला गाल टेकवला रे टेकवला, छतावरचा दिवा दस्त्यावरून उसळून थेट तिच्या डोळ्यात घुसायचा. "नेम धरतेस की भांग पाडतेस गं?" म्हणून मैत्रिणी खिदळायच्या. नेमबाजीचे सर मात्र हसले नव्हते. "सोमवारपर्यंत ही चमक घालव, नाहीतर शाळेच्या संघात दुसरी कुणीतरी," असं त्यांनी सरळ सांगून टाकलं होतं.

बाबांनी ब्रश खाली ठेवला. "उतरवू? म्हणजे बोडकं करणार?"

"बोडकं नाही हो, मंद! साटीनच्या कापडासारखं."

"मंद म्हणजे अर्धवट. कारागीर काम टाकून जेवायला गेला की मागे जे दिसतं ना, ते!"

"अहो, पोरीचा डोळा दिपतोय," आई आतून ओरडली. "हो म्हणा की!"

बाबा हो म्हणाले, पण दाढ उपटून घेतल्यासारखे.

मग काय, तोफ सुटलीच. रायफल रिकामी असल्याची खात्री करून तिने दस्ता वेगळा केला, बारीक स्टील वूल, म्हणजे पोलादी तंतूंचा बोळा, घेतलं आणि लाकडाच्या रेषा जातील त्या दिशेने हलक्या हाताने घासत बसली. संध्याकाळपर्यंत दस्त्याचा सगळा तोरा उतरला. आता उजेड त्यावर पडायचा आणि तिथेच निवांत बसून राहायचा. दस्ता बाबांच्या कारखान्यात ठेवून ती शीळ घालत झोपायला गेली.

सकाळी बघते तो दस्ता आरशासारखा लखलखतोय!

"बाऽऽबा!"

बाबा चहाचा कप घेऊन धावत आले. त्यांनी दस्ता पाहिला, मग स्वतःच्या बोटांवरचं वार्निश पाहिलं आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"अगं, पहाटे गिऱ्हाइकाची खुर्ची करत होतो... शेजारी काहीतरी मंद दिसलं... हात आपोआप गेला गं!"

"उद्या सोमवार आहे, बाबा!"

वार्निश वाळेपर्यंत काही करायची सोय नव्हती. दुपारभर ती दस्त्याभोवती येरझाऱ्या घालत होती आणि बाबा तिच्याभोवती. शेवटी तिने पुन्हा स्टील वूल उचललं, तेव्हा आईने बाबांना खुर्चीत बसवलं आणि त्यांच्या दोन्ही हातांत लोकरीची लड अडकवली. "मी गुंडा करते. तुम्ही हात जराही हलवायचे नाहीत."

हात अडकले, तरी तोंड मोकळंच होतं. "कडेला जोर नको! लाकूड उघडं पडेल!"

"बाबा, लोकर सांभाळा!" ती फिस्कारली, पण कडेला हात मात्र हलका केला.

मेणाचं शेवटचं फडकं फिरवून झालं, तसे बाबा लोकरीसकट उठून आले. वाकले. इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"एक ओरखडा नाही," ते तक्रार केल्यासारखे पुटपुटले.

सोमवारी सरांनी दस्ता दिव्याखाली उलटासुलटा केला, तिला नेम धरायला लावलं आणि म्हणाले, "जा, संघात आहेस."

घरी येऊन दप्तरही न उतरवता ती दोघांसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आई, बाबा, माझं ठरलंय. सुट्टीत मी कारखान्यात येणार. मंद पॉलिशची सगळी कामं माझी. टेबल वेगळं हवं. आणि बाबा, त्या टेबलाजवळ यायचं असेल, तर हात खिशात घालूनच यायचं!"