रांगेतला जास्तीचा

शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या मराठी मंडळात देवदत्तची ओळख करून देताना लोकांची पंचाईत व्हायची. क्रिकेटर म्हणावं तर तो बॅट धरत नसे, फुटबॉलर म्हणावं तर इथली पोरं भलतंच समजत. ‘ऑस्ट्रेलियात तो अंड्यासारखा बॉल घेऊन गोल मैदानावर धावतात ना, त्यातला हा,’ एवढं सांगून माणसं मोकळी होत आणि पुन्हा आपल्या बटाटेवड्याकडे वळत. मेलबर्नमध्ये जन्मलेला हा गडी तिथल्या मोठ्या लीगमध्ये काही वर्षं खेळला होता, भरलेली स्टेडियमं त्याच्या नावाने ओरडली होती. मंडळाने त्याला गणपतीत खुर्च्या लावायच्या कमिटीवर घेतलं होतं.

आश्लेषा मूळची नागपूरची. कंपनीने ऑनसाइट मेलबर्नला पाठवलं, तिथे कुणीतरी मॅचचं तिकीट हातात कोंबलं, आणि पुढच्या माणसाच्या खांद्यावर गुडघा टेकवून बॉल झेलायला हवेत उंच गेलेला देवदत्त तिने पाहिला. तो खाली येईपर्यंत आपण प्रेमात पडलो होतो, हे ती चारचौघांत न लाजता सांगायची.

पण या खेळात हेल्मेट नाही, आणि देवदत्तला मागे सरणं माहीत नाही. डोक्याला मार बसत गेला. एकदा तर मैदानाबाहेर आणल्यावर त्याने तिला ओळखलंच नाही, बराच वेळ. क्लबच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी करिअरवर पडदा टाकला. मग लग्न, अमेरिका, प्रोजेक्ट मॅनेजरची नोकरी असं सगळं रीतसर झालं. पण खाज काही गेली नाही. शिकागोच्या आसपास ऑस्ट्रेलियन, आयरिश आणि हौशी अमेरिकन पोरांनी मिळून याच खेळाचा, म्हणजे ‘फुटी’चा, क्लब चालवला होता. देवदत्त चाळिशीला टेकला तरी दर शनिवारी तिथे हजर. इथल्या डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं होतं, आणखी एक दणका बसला तर मी जबाबदार नाही.

“हा सीझन, बस,” देवदत्त म्हणाला. गेल्या वर्षीही हेच म्हणाला होता.

आश्लेषाने शपथा घालून पाहिल्या, अबोला धरून पाहिला. शेवटी ती टीमची मॅनेजर होऊन बेंचवर जाऊन बसली. घरी बसून जीव टांगणीला लावण्यापेक्षा ते बरं. कोण आत, कोण बाहेर, हे तिच्या हातात असायचं. फक्त नवराच काय तो तिच्या हाती लागत नसे.

त्या शनिवारी विस्कॉन्सिनची टीम आली होती. ऊन रखरखत होतं. दोन्हीकडून नऊ-नऊ जण. खेळ रंगात आला असताना एका दांडगटाचा खांदा देवदत्तच्या कपाळावर बसला. आवाज बेंचपर्यंत आला. देवदत्त आडवा झाला, आणि आश्लेषा उठून उभी राहीपर्यंत तोही उठला होता. भुवई फुटली होती. तिने हाका मारल्या, त्याने लांबूनच हात हलवला आणि पळाला.

त्यानंतर खेळाचं पारडंच फिरलं. बॉल जिथे जाईल तिथे देवदत्त. या टोकाला त्याने बॉल अडवावा आणि त्या टोकालाही त्यानेच झेलावा. “देव काका, काय खातोस तू!” कॅप्टन वीर ओरडत होता. वीर इथेच जन्मलेला, आईच्या धाकाने मराठी बोलणारा. आश्लेषाला मात्र बरं वाटेना.

विस्कॉन्सिनच्या कॅप्टनलाही संशय आला असावा, कारण त्याने मोजणी मागितली. या खेळात तशी रीत आहे. समोरच्या टीमचे खेळाडू जास्त वाटले तर कॅप्टनने अंपायरला सांगायचं. मग खेळ थांबतो, टीमला रांगेत उभं करतात आणि डोकी मोजतात. एक जरी जास्त निघालं तरी तोवरचे सगळे गुण पुसले जातात. म्हणून कुणी उगाच मागत नाही, आणि मागितली की मैदान चिडीचूप होतं.

अंपायर प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत गेला. दहा. पुन्हा उलटा मोजत आला. दहा.

“नो वे! मावशी, एक्स्ट्रा कोणी पाठवलास का तू?” वीरने विचारलं.

तिने पाठवला नव्हता. ती मैदानात गेली. रांगेच्या या टोकाला देवदत्त उभा होता, भुवईतून रक्त गळत होतं, पाय लटपटत होते. त्या टोकालाही देवदत्तच उभा होता. केस दाट, गुडघ्यावर ऑपरेशनची खूण नाही, अंगावर घामाचा टिपूस नाही. तिच्याकडे बघून तो ओळखीचं हसला. मधली पोरं आपापल्या बुटांकडे पाहत होती. एकानेही मान वळवली नाही.

“मॅडम, गुण गेले. एकाला बाहेर काढा,” अंपायर म्हणाला. “लगेच.”

आश्लेषाने एकदा या टोकाला पाहिलं, एकदा त्या टोकाला. पण रक्त कुणाचं गळतंय ते तिला दिसत होतं, आणि त्याला मैदानाबाहेर काढणं, एवढंच तर तिला कित्येक महिने हवं होतं. तिने जखमी देवदत्तला हाताला धरलं. “चल, घरी चल.” तो मुकाट आला. मागे शिट्टी वाजली, खेळ सुरू झाला. तिने वळून पाहिलं नाही.

भुवईला टाके पडले, स्कॅन केला. सगळं नॉर्मल. देवदत्तही नॉर्मल, इतका नॉर्मल की तिला धडकी भरली. ऑफिस, डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातली भाजी, आईला फोन, सगळं वेळेवर. फक्त गॅरेजमधले बूट पाहून म्हणाला, “हे कोणाचे?” मेलबर्नमधली शाळा आठवत होती, गल्ली आठवत होती, खेळ आठवत नव्हता.

“आपण भेटलो कुठे, सांग बरं,” तिने हसत विचारलं.

तो विचारात पडला. “ऑफिसमध्ये ना?”

ती बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडली. मग तोंड धुतलं आणि स्वतःला बजावलं, माणूस धडधाकट आहे, डोकं शाबूत आहे, बाकी गेलं तर गेलं. मॅनेजर आता दुसरा कोणी बघा, असा मेसेज तिने वीरला टाकला आणि क्लबचा ग्रुप म्यूट केला.

पुढच्या शनिवारी दुपारी देवदत्त ड्रायरमधले कपडे काढून घड्या घालत होता. घड्याळाकडे एकदाही पाहिलं नव्हतं त्याने. आश्लेषाला कितीतरी दिवसांनी हलकं वाटत होतं. ती काहीतरी बोलायला वळली, तेवढ्यात त्याचं डोकं फाडकन एका बाजूला फेकलं गेलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. तो भिंतीवर आदळला आणि खाली कोसळला. टाके उसवले होते.

“मला कोणी मारलं?” त्याने लहान मुलासारखं विचारलं.

फोन वाजला. वीर होता.

“मावशी, तू का नाही आलीस? काका टोटली अनरिअल खेळतोय यार! दहा वर्षांनी लहान दिसतोय. आत्ता एवढा मोठा हिट घेतला डोक्यावर, आम्हाला वाटलं संपलं, तर हसत उठला!”

“वीर, त्याला बाहेर काढ. आत्ताच्या आत्ता.”

“अगं, पण त्याला काहीच लागलं नाहीये! आणि तो बेंचकडे येतच नाही, बोलावलं तरी.”

“मग मोजणी घ्यायला लाव!”

“आपली आपल्याला नाही मागता येत, मावशी. समोरच्यांनी मागावी लागते. आणि ते कशाला मागतील? आज आम्ही बरोब्बर नऊ आहोत.” पलीकडे कुणीतरी त्याला हाक मारली. “चल, ठेवतो. आत्ताशी हाफटाइम झालाय, अख्खा सेकंड हाफ बाकी आहे. ये ना बघायला!”

आश्लेषाने फोन टाकला आणि देवदत्तचं डोकं दोन्ही हातांत धरलं. पुढच्या दणक्यापासून कोणत्या बाजूने सांभाळायचं, ते तिला कळेना.