लवंगीची भरड

शिवकन्येनं लवंगीच्या डब्याचं झाकण उघडून चमचा आत घातला. एवढा एक चमचा रश्श्यात पडला की काम झालं.

चुलीवर वांग्याचा रस्सा खदखदत होता. फळीवर मिरचीच्या भरडीचे तीन डबे होते : रंगाला ब्याडगी, चवीला गावरान, तिखटाला लवंगी. ओसरीवर भावकीची माणसं जेवायची वाट बघत होती. सासरे, भुजंगराव, सकाळीच त्यांच्यासमोर म्हणाले होते,

"आज रस्सा सूनबाईचा. भावकीला पसंत पडला, तर चूल तिची. मंग नौकरीचं नाव न्हाई. न जमला, तर जाय खुशाल बदनापूरला."

आणि हसले होते. तिच्या हाताला चव आहे, हे त्यांना ठाऊक होतं. बदनापूरच्या संशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेत तिला सोमवारी रुजू व्हायचं होतं.

सासूबाईंच्या, गोजरबाईंच्या, रश्श्यालाही भावकीनं एकदा अशीच परीक्षा घेऊन मान डोलावली होती. तेव्हापासून त्या अंबडला बहिणीकडे गेल्या, तरी रात्रीच्या स्वयंपाकाआधी एसटीनं परत यायच्या.

चमचा डब्यातच राहिला. कॉलेजात प्रयोग करताना एक थेंब जास्त पडला, तरी शिवकन्या सगळं ओतून पुन्हा सुरुवात करायची. हात मुद्दाम चुकेना. तिनं झाकण लावलं, तेल उतरवून थोडं निवू दिलं, ब्याडगीची भरड सोडली आणि लालभडक तर्री रश्श्यावर ओतली. चाखून बघितलं. अगदी बराबर. ती उठली.

"झालं, आत्याबाई."

"तू ताटं मांड जा. वाट्या मी भरते," गोजरबाई चुलीपाशी येत म्हणाल्या.

पहिल्याच घासाला चुलतसासरे कडूबा यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"आरं बाप्पा! सूनबाई, रस्सा हाय का इस्तू? डोक्यातून धूर निघून राह्यला माझ्या!"

ओसरीवर हशा पिकला, मग ठसक्यांत बुडाला. शिवकन्येनं वाकून वाटीत बघितलं. ब्याडगीच्या जाड, सुरकुतल्या तुकड्यांमध्ये लवंगीचे पातळ, चकचकीत तुकडे तरंगत होते. बिया तर मूठभर.

भुजंगरावांनी वाटी बाजूला सारली. दारातून गोजरबाई म्हणाल्या,

"मी म्हन्लंच होतं. शिकलेली पोरगी, तिला चूल जमायची न्हाई. जाऊ द्या तिला बदनापूरला. चूल मी बघते."

भुजंगराव ताटाकडे बघत राहिले. भावकीसमोर दिलेला शब्द होता.

"जाय मंग," ते शेवटी म्हणाले.

शिवकन्या आत आली, तेव्हा गोजरबाई मोरीपाशी उजव्या हाताची बोटं पुन्हा पुन्हा पाण्यानं चोळत होत्या. बोटं लाल झाली होती. शिवकन्येनं वाटीत गोडं तेल ओतून त्यांच्यापुढे ठेवलं.

"पाण्यानं जायची नाही ती आग, आत्याबाई."

गोजरबाईंनी बोटं तेलात बुडवली.

"जल्दी पिठलं टाका गं! मानसं उपाशी हायेत," ओसरीवरून भुजंगरावांची हाक आली.

शिवकन्या कढईकडे वळली.

"राहू दे," गोजरबाई म्हणाल्या. "तू पिशवी भर."

आणि तसेच तेलकट हात पदराला पुसत त्या चुलीपुढे बसल्या.