कंपनीचा की बाहेरचा

आर्मरेस्ट ही काही नवरा-बायकोने भांडावं अशी वस्तू नव्हे. दोन सीटांच्या मधली कोपर टेकायची गादी ती, असली काय नि नसली काय! पण टपालकाकांच्या घरात गेला आठवडाभर दुसरा विषय नव्हता. बरं, भांडण तरी धड असावं? तेही नाही. काकू एकट्याच भांडत होत्या आणि काका नुसती मान डोलवत होते. त्या मान डोलवण्यानेच काकूंचं डोकं जास्त फिरत होतं.

काका निवृत्त पोस्टमन. उभी हयात लोकांची पत्रं वाटण्यात गेली, म्हणून टपालकाका. काकू एका लॅबसाठी घरोघरी जाऊन तपासणीचं रक्त घेत. नोकरी संपल्यावर काका हौसेने आपली छोटी गाडी काढत आणि काकूंना या दारातून त्या दारात पोचवत. सगळं कसं मजेत चाललं होतं. मग काकांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, पायही काठीच्या आधाराने परत आला, पण उजवा हात रुसला तो रुसलाच. खांदा उतरला आणि हात मांडीवर ठेवावा तिथे पडून राहू लागला.

तेव्हा काकूंनी काय करावं? ज्या बाईला कधी सायकल धड आली नाही, तिने पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकायला घेतली. परीक्षेत आपटली, पुन्हा बसली, पुन्हा आपटली. शेवटी एकदाचं लायसन्स आणून काकांपुढे ठेवलं आणि म्हणाली, "चला, बसा शेजारी. मला पत्ते कोण सांगणार?"

काकांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आपण अजून उपयोगी आहोत, हे त्यांना कितीतरी महिन्यांनी वाटलं होतं. आणि उपयोगी तरी किती! शहराचा कोपरा न् कोपरा त्यांना तोंडपाठ. "ते निळं फाटक दिसतंय ना, तिथलं कुत्रं थेट पोटरी धरतं, आपण त्याच्या पुढच्या बोळात शिरायचं," असे त्यांचे पत्ते. काकू हसत हसत स्टिअरिंग फिरवायच्या. सकाळचे ते दोन-तीन तास हेच काकांचं आयुष्य होतं, बाकीचा दिवस नुसता ढकलायचा.

आणि एका सकाळी माशी शिंकली. मोठ्या चौकात वळताना काकांचा हात मांडीवरून घसरला तो थेट गिअरच्या दांड्यावर पडला. गाडी गिअरमधून सुटली आणि भर चौकात रखडली. मागचा ट्रक असा बोंबलला की काकूंना गाडी पुन्हा सुरू करायचंही सुचेना. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण दुसऱ्या दिवसापासून काका मुकाट मागच्या सीटवर बसू लागले.

"मागे ऐसपैस वाटतं," म्हणाले.

ऐसपैस कसलं डोंबलाचं! त्या माणसाला पुढे बसायचं होतं, बायकोच्या शेजारी, जीव तुटत होता त्यासाठी. पण हाताचा भरवसा नव्हता, आणि तिच्या जिवाशी खेळ करायची त्यांची तयारी नव्हती. मागून पत्ता सांगायचा तर ओरडावं लागे. हळूहळू सांगणं थांबलं. काकू फोनमधल्या बाईचं ऐकू लागल्या, आणि त्या बाईने त्यांना परवा रक्ताच्या नळ्यांसकट एका गोदामाच्या भिंतीसमोर नेऊन उभं केलं.

हाताला मध्ये पक्की बैठक मिळाली तर तो गिअरवर जाणार नाही, हे काकूंच्या डोक्यातून निघालं. म्हणून आर्मरेस्ट. आता तो कंपनीचा घ्यायचा की बाहेरचा, एवढाच प्रश्न उरला होता.

आधी गेले शोरूममध्ये. तिथला सेल्समन भला माणूस. नमुन्याच्या गाडीत त्याने काकांना स्वतः हात धरून बसवलं. कंपनीचा आर्मरेस्ट अगदी देखणा, गाडीच्या रंगाला रंग, हलवला तरी तसूभर हलेना.

"पण मॅडम, खरं सांगू का," तो म्हणाला, "हा ड्रायव्हरसाठी बनवलेला असतो. उंचीही ड्रायव्हरच्या कोपराची."

"का? तुमच्या गाडीत शेजारी माणूस बसत नाही?" काकू म्हणाल्या.

"बसतो की. पण त्याच्या कोपराचा विचार कुणी केलेला नाही, हे मात्र खरं."

काकूंनी काकांचा हात उचलून गादीवर ठेवला. काकांच्या खांद्यातून कळ गेली. उतरलेला खांदा तो, गादी उंच, हाडावर हाड चढल्यासारखं झालं. वर ते गुळगुळीत रेक्झिन, मनगट आपोआप पुढे सरकायला लागलं.

"कसं वाटतंय?" काकूंनी विचारलं.

"छान आहे," काका म्हणाले.

मग गेले बाजारात, सीटकव्हरवाल्याकडे. हा दुसऱ्याच जातीचा प्राणी. तोंडाचा पट्टा सुरू झाला की थांबायचं नाव नाही. "काकू, कंपनीवाले लुटतात हो! आपला माल बघा, रुंद आहे, खाली डबा आहे, वर मोबाईल ठेवा, चष्मा ठेवा, संसार ठेवा!" त्याने तो ठोकळा पेले ठेवायच्या खाचेत दणकन बसवला. रुंद होता, ठेंगणा होता. काकांचा हात त्यावर जरा सुखावला. पण काकूंनी एक बोट लावलं आणि ठोकळा डुगडुगला.

"हा हलतोय की."

"हलणारच ना काकू, गाडी हलते तर तो हलणार नाही?"

"कसं आहे हो?" काकूंनी काकांकडे वळून विचारलं.

"हाही छान आहे."

"दोन्ही छान कसं असेल? एक काहीतरी सांगा!"

"तू म्हणशील ते. तुला जास्त कळतं."

काकूंनी कपाळावर हात मारला. घरी येऊन मुलीला फोन लावला, तर ती म्हणाली कंपनीचाच घे, डुगडुगणारी वस्तू बाबांना नको. काकूंनाही ते पटलं. झालं, कंपनीचा ठरला. शोरूमवाल्यांनी स्क्रू मारून तो घट्ट बसवून दिला आणि वर गाडी धुऊनही दिली.

पहिल्या सकाळी काकू नुसत्या खुशीत होत्या. काका पुढे बसले, पट्टा लावला, हात गादीवर. काकांनाही भरून आलं होतं. किती केलं हिने आपल्यासाठी! मऊ भात काय, वेगळी उशी काय, पाठीला तेल काय, आणि आता हे. देवाने दिलेली बायको, बाकी काय म्हणायचं. अशा बाईपुढे खांदा दुखतो म्हणून कुरकुर करायची? छे! तोंड कसं उघडेल?

पण खांद्याला ही कृतज्ञता कोण समजावणार. पहिल्या गतिरोधकाला कळ मानेपर्यंत गेली. दुसऱ्या वळणाला हात गुळगुळीत रेक्झिनवरून सरकायला लागला. काकांनी डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं. आता लक्ष सगळं त्या मनगटावर. निळं फाटक आलं नि गेलं, सांगायचं राहून गेलं. काकूंनी पुढच्या चौकातून गाडी वळवून मागे आणली.

"दुखतंय का काही?"

"छे छे. छान आहे."

काकू बॅग घेऊन वर गेल्या, रक्त घ्यायला. काकांनी गाडीत एकट्याने हात असा ठेवून पाहिला, तसा ठेवून पाहिला. घामाने अंग भिजलं. पुढे मोठा चौक होता. तो हात आज पुन्हा घसरणार, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी दार उघडलं, काठी टेकली आणि कसेबसे उतरून मागच्या सीटवर जाऊन बसले. बसल्यावर मात्र त्यांना रडूच आलं. पुढची सीट कायमची गेली, असं त्यांना वाटलं.

काकू परत आल्या. दार उघडलं, बघितलं. स्टिअरिंगसमोर बसल्या, पण किल्ली फिरवेनात.

"मागे हवा चांगली लागते," काका म्हणाले.

"एक विचारू?" काकूंनी मागे न वळता विचारलं. "तुम्ही टपाल वाटायचात, तेव्हा लोक दारात चहा द्यायचे. कुणाचा गोडमिट्ट, कुणाचा गार, कुणाचा नुसता पाणी. तुम्ही काय म्हणायचात?"

"काय म्हणणार? छान आहे म्हणायचो. परक्याच्या दारात उभं राहून नावं ठेवायची का? आमच्यात ती पद्धतच होती. प्यायचा, छान म्हणायचं, पुढच्या दाराला जायचं."

"आणि घरी येऊन?"

काका काठीची मूठ चाचपू लागले.

"घरी येऊन माझ्या चहात साखर जरा इकडेतिकडे झाली तर घर डोक्यावर घ्यायचात! भाजी खारट, उशी टणक, खिडकी उघडी का, खिडकी बंद का. डोकं उठायचं माझं. आणि झटका आल्यापासून? भात छान, उशी छान, तेल छान, दोन्ही आर्मरेस्ट छान! अहो, मी काय तुमच्या टपालातलं घर आहे का? माझ्या दारात पण असेच उभे राहणार तुम्ही?" काकूंचा आवाज फाटला. "त्या दवाखान्यातून मी माझा नवरा घेऊन आले होते. हा कोण सभ्य पाहुणा मागे बसवलाय मी?"

काका हादरले. इतके महिने ज्याला ते आभार मानणं समजत होते, त्याचा तिला असा जाच झाला होता, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"अगं, तू इतकं करतेस," ते चाचरत म्हणाले, "मी कुठल्या तोंडाने तक्रार करू?"

"आहे त्याच तोंडाने करा! दुसरं कुठून आणणार आहात?"

काकांनी काठी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "उंच आहे."

"काय?"

"तो आर्मरेस्ट. उंच आहे. खांदा मोडतोय माझा." आणि मग जो बांध फुटला म्हणता! "आणि गुळगुळीत किती असावा? कोपर टेकायला केलाय की घसरगुंडी खेळायला? हात जागेवर राहील तर शपथ! आणि तो भात. किती महिने तोच गिळगिळीत भात खातोय मी, दात आहेत मला अजून! ती उशी म्हणजे शुद्ध वीट. आणि तुझी ती फोनमधली बाई, तिला शहरातलं ओ की ठो कळत नाही, गोदामात काय नेते तुला! मला विचारायला काय झालं होतं?"

काकू ऐकत होत्या. त्यांचे खांदे हलायला लागले. काकांना वाटलं, रडवलं आपण हिला. ते घाबरून पुढे वाकले, तर काकू हसत होत्या, डोळ्यांतून धारा लागलेल्या आणि हसत होत्या.

"आणखी सांगा," त्या म्हणाल्या. "तेलाचं राहिलं."

"तेल बरं आहे," काका फणकारले. "पण हात गार असतात तुझे."

उरलेली दोन घरं आटोपली, नळ्या लॅबमध्ये पोचल्या आणि गाडी तडक सीटकव्हरवाल्याच्या दारात उभी राहिली. कंपनीचा आर्मरेस्ट स्क्रू काढून डिकीत गेला. "मी म्हटलं नव्हतं?" असं सीटकव्हरवाल्याने सुरू केलं, पण काकांनी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही.

"तुझाही काही सोन्याचा नाही. डुगडुगतो. खाली पट्टी मारून आवळ आधी. आणि एवढी जाडी कशाला? दोन बोटं खाली घे."

"काका, खाली घेतला तर काकूंच्या कोपराला टेकणार नाही. आणि हँडब्रेक ओढताना त्यांना दर वेळी तो उचलावा लागेल."

"उचलीन," काकू मध्येच म्हणाल्या. "तुम्ही ते म्हणतात तसं करा."

सीटकव्हरवाल्याने फोम कापला, पट्टी मारली. काका पुढच्या सीटवर बसून होते. रेक्झिन नको, खरखरीत कापड लाव. हे कापड नको, टोचतं. पुढच्या कडेला उंचवटा शिव, हात गिअरकडे गेला नाही पाहिजे. एवढा नको, मनगटाला रुततो. उसव. परत शिव. बघ, आता डाव्या बाजूला कललाय. सीटकव्हरवाल्याच्या तोंडाचा पट्टा कधीच बंद पडला होता. हात शेवटी एकदाचा गादीवर बसला. काकूंनी गाडी जागच्या जागी पुढे-मागे करून पाहिली, करकचून ब्रेक दाबून पाहिला, हात ढळला नाही. खांदाही गप्प होता.

"शिलाई वाकडी आहे," काका म्हणाले.

सीटकव्हरवाला काकूंना बाजूला घेऊन कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "काकू, राग मानू नका, पण काका फार किरकिरे आहेत हो. तुम्ही कसं सहन करता?"

काकूंनी गाडीकडे पाहिलं. काका त्या वाकड्या शिलाईवरून डाव्या हाताचं बोट फिरवत स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होते. काकूंचा चेहरा असा उजळला की तो बिचारा बघतच राहिला.

"आहेत ना किरकिरे?" त्या म्हणाल्या. "अहो, खूप दिवस नव्हते."