पायाची साक्ष

‘अपघातसमयी सदर इंधनबचत उपकरण वाहनात कार्यरत नव्हते. सबब, अपघाताशी उपकरणाचा संबंध जोडता येत नाही.’

चौकशी समितीच्या अहवालातील ही दोन वाक्ये. पहिल्यात असत्य काहीही नाही. धडधडीत खोटे बोलणे हे अडाण्यांचे काम. शिकलेली माणसे खरे बोलून भागवतात. घोटाळा आहे तो ‘सबब’ या शब्दात.

उपकरण साधे होते. स्टीअरिंगच्या डाव्या अंगाला तळहाताएवढी उथळ बशी, बशीत बोराएवढी पोलादी गोळी. चालकाने बस हिसक्याने उचलली किंवा कचकन ब्रेक दाबला, की गोळी काठ ओलांडून खालच्या कुलूपबंद डब्यात पडे आणि वरच्या नळीतून दुसरी बशीत येई. संध्याकाळी डेपोत डबा उघडून गोळ्या मोजल्या जात आणि आकडा सर्वांसमक्ष फलकावर चढे. यामागचे शास्त्र बिनचूक होते: डिझेल जाळून मिळवलेला वेग ब्रेकमध्ये उधळू नये, पुढचे पाहून पाय आधीच उचलावा. प्रशिक्षण देणाऱ्या साहेबांनी तर भिंतीवर रंगवूनच घेतले होते, ‘प्रत्येक ब्रेक म्हणजे वाया गेलेले डिझेल’.

आणि माणूस वाचवण्यासाठी ब्रेक दाबावा लागला तर? परिपत्रकाने तीही सोय ठेवली होती. चोवीस तासांत लेखी खुलासा, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह. दोन वर्षांत नऊ खुलासे आले. सातांना साक्षीदार नव्हते. उरलेल्या दोहोंचे साक्षीदार प्रवासी होते, म्हणून ते ‘तांत्रिक मत देण्यास अपात्र’ ठरले. एकही खुलासा मान्य झाला नाही. एवढे कळायला चालकांना परिपत्रक वाचावे लागले नाही.

ज्याच्यावर ठपका आला त्या चालकाला डेपोत सगळे रेशीम म्हणत. हे नाव त्याला उपकरण येण्याच्या कितीतरी आधी मिळाले होते. त्याच्या बसमध्ये उभ्या प्रवाशालाही दांडी धरावी लागत नसे. तरी पहिल्याच महिन्यात त्याच्या डब्यात एक्केचाळीस गोळ्या निघाल्या. फलकावर त्याचे नाव तळाला गेले.

“काय रे रेशीम,” मिस्त्री म्हणाला, “बस चालवतोस की गोट्या खेळतोस?”

डेपोतला हा मिस्त्री त्याचा वीस वर्षांपासूनचा मित्र. दोघे हसले. पण त्या दिवशी रेशीमने जेवणाच्या डब्यातला पोळीचा तुकडासुद्धा मोडला नाही. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्याचे नाव कोठेही शेवटी आले नव्हते. तो शिकला. सिग्नल कधी पडेल, रिक्षा कुठे वळेल, सारे तो दुरून ओळखू लागला. ब्रेकवर पाय पडायचा तो पाळण्यातल्या बाळाला थोपटावे तसा. आकडा एक्केचाळिसावरून अकरावर आला, मग तीनवर, मग शून्यावर. शून्य चौदा महिने टिकले. साहेबांनी त्याचा फोटो प्रवेशद्वाराशी लावला.

डेपोच्या वळणावर एक इस्त्रीवाली बसत असे. रेशीमच्या गणवेशाला अकरा वर्षे तिचीच घडी होती. त्याची बस जाताना ती रोज ओरडायची, “काय भाऊ, तुमच्या बसपेक्षा माझी इस्त्री जोरात पळते की!” आणि तो हात हलवायचा.

अपघाताच्या सकाळी बशीला तडा गेला होता. मिस्त्रीने ती नळीसकट काढली, बशीतली गोळी रेशीमच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, “ठेव खिशात. फेरी करून ये, नवी बसवतो.” ऊन स्वच्छ होते. रस्ता कोरडा होता. वळणावर इस्त्रीवालीच्या डोक्यावरचे गाठोडे कलंडले, ते सावरता सावरता ती चार पावले रस्त्यात आली. बस फार वेगात नव्हती. थांबली, पण तिला लागल्यावर थांबली. तिसऱ्या दिवशी ती रुग्णालयात वारली.

ब्रेक उत्तम स्थितीत होते. रस्त्यावर टायर घासल्याची एकही खूण नव्हती. म्हणजे चालक हलगर्जी. समितीचे गणित इतके सोपे होते. परवाना जाणार हे उघड होते, तुरुंगही दूर नव्हता.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मिस्त्री घरी आला. रेशीमची मुलगी शाळेत गणित शिकवायची. ती वह्या बाजूला सारून बसली.

“मी सांगतो, बशी जागेवर होती,” मिस्त्री म्हणाला. “अपघातानंतर काढली म्हणतो. म्हणजे तू गोळीला भ्यालास हे सिद्ध होईल. मग ठेवू दे की त्यांना ठपका साहेबावर!”

“तू खोटं बोलायला लागलास की कान लाल होतात तुझे. समितीवाले खुर्चीवरूनच ओळखतील.”

“टोपी घालीन.”

“ती बाई गेली रे,” रेशीम म्हणाला. “आता तिच्या नावावर खोटंही चढवू?”

“बाबा, खोटं नका सांगू,” मुलगी म्हणाली, “पण काही तरी सांगा. दोन वर्षं त्यांनी तुम्हाला ब्रेक न दाबायला शिकवलं. एवढं तरी म्हणा!”

“शिकवलं त्यांनी. पाय कुणाचा होता?”

“बाबा, तुम्हाला सुटायचं आहे की नाही?”

तो बराच वेळ आपल्या उजव्या पायाकडे पाहत राहिला, परक्याच्या चपलेकडे पाहावे तसा. “मला ते काय झालं ते नीट आठवायचंय,” तो म्हणाला. “बाकी मग बघू.”

सुनावणीत अध्यक्षांनी विचारले, गोळी कोठे होती. ‘खिशात’, तो म्हणाला. मग ती पडण्याची भीती तुम्हाला नव्हती? ‘नव्हती.’ अध्यक्षांना हवे ते मिळाले. त्यांनी लेखनिकाला खूण केली. पण लेखनिक जुना, प्रामाणिक माणूस होता. आरोपीचे बोलणे अजून संपले नव्हते, म्हणून त्याचा हात थांबला नाही. ते उरलेले बोलणे अहवालाच्या निष्कर्षात कोठेही नाही. परिशिष्टात आहे, ब्रेकच्या लायनिंगची जाडी आणि त्या दिवशीचे तापमान यांच्या मध्ये. शब्दही न बदलता ते असे:

“भीती नव्हती, साहेब. बशी नाही हे मला ठाऊक होतं. ताई रस्त्यात आली ती मला दिसली, लांबूनच दिसली. पाय लगेच ब्रेकवर गेला. उशीर नाही केला त्यानं. पण गेला तो रोजच्यासारखा, हलका. मी मनात ओरडत होतो, दाब, दाब. तो दाबत होता, पण त्याला येतं तसंच. दुसरं काही तो विसरला होता. मला शिक्षा द्या, मी नाही म्हणत नाही. फक्त एक लिहून घ्या. बशी असती ना, तर त्या दिवशीसुद्धा गोळी पडली नसती.”