गुरांनी खाल्लेली टेकडी

माझा नवरा चुकत नाही. वाट चुकली तर म्हणतो, रस्ता बदलला. दूध उतू गेलं तर दूधच तसलं होतं. लग्नाला बारा वर्षं झाली, पण ‘मी चुकलो’ एवढे दोन शब्द त्याच्या तोंडून ऐकायचे राहूनच गेले. त्यात आमची कंपनीही एकच. उंचसखल माळांवर सौर पॅनेल उभी करायची, हे आमचं काम. तो ड्रोन उडवून जमिनीचे चढउतार मोजतो आणि त्या मोजणीवरून मी खांब आखते. उंचवट्यावर आखूड, खोलगटात लांब, म्हणजे पॅनेलची रांग सरळ दिसते.

यंदा मिळालेल्या माळाच्या मधोमध त्याला एक टेकडी सापडली. मी तिच्यावर जीव ओतून काम केलं. आखूड खांब कापून, रंगवून साईटवर पाठवले आणि तिथल्या मॅनेजरचा फोन आला.

“मॅडम, टेकडी नाहीये.”

“नाहीये म्हणजे? नीट बघा.”

“टेकडी आहे ती मॅडम. नीट न बघताही दिसायला हवी.”

आम्ही दोघं धावत गेलो. माळ मधोमध पोळपाटासारखा सपाट. शेजारच्या गुराख्याला विचारलं, तर तो म्हणाला, इथे त्याची चाऱ्याची गंजी होती, मातकट ताडपत्रीने झाकलेली.

“मग ती गेली कुठे?” नवऱ्याने दरडावून विचारलं.

“गुरांनी खाल्ली,” गुराखी म्हणाला. चाऱ्याचं याहून वेगळं काय करतात, हे आता आम्हीच सांगावं, अशा नजरेने तो बघत राहिला.

मॅनेजर सरळमार्गी माणूस. त्याने ऑफिसला जसंच्या तसं कळवलं की टेकडी गुरांनी खाल्ली. दुपारपर्यंत उलट विचारणा आली, गुरं किती आहेत आणि खाण्याआधी त्यांच्या मालकाने परवानगी घेतली होती का.

संध्याकाळी साहेबांनी बैठक बोलावली. ड्रॉईंग मंजूर झालेलं, खांब कापलेले. तेव्हा टेकडी बांधायची, असं ठरलं. माती माळाच्याच एका कडेने खणायची. तिथे खड्डा पडेल आणि तो ड्रॉईंगमध्ये नाही, म्हणून तो बुजवायचा. कशाने, तर टेकडीच्या मातीने. साहेबांनी हे फळ्यावर बाण काढून समजावलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मग साहेब म्हणाले, टेकडी या आठवड्यात जागेवर आली नाही, तर जमीन मोजणाऱ्याने घरी बसायचं.

“मी मोजली तेव्हा टेकडी होती,” नवरा गाडीत बसताना म्हणाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चांगलं फैलावर घेणार होते, पण तो घराची किल्ली गाडीला लावत होता. मी ती काढून घेतली आणि गाडीची किल्ली त्याच्या हातात दिली. मला त्याची फार काळजी वाटली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा माळावर तंगडतोड. नवरा हरवलेली टेकडी शोधत होता, जणू ती कुठेतरी पडली असावी. पार टोकाला जाऊन मी दमून एका उंचवट्यावर टेकले आणि मांडीवर ड्रॉईंग पसरलं. ड्रॉईंगमध्ये ती जागा सपाट होती, म्हणजे त्याप्रमाणे मी दोन पुरुष उंच हवेत बसले होते.

“ऐक,” मी हाक मारली. “मी कशावर बसलेय?”

“चाऱ्यावर,” तो लांबूनच म्हणाला. “तीही गंजीच, मी ती मोजणीतून पुसून टाकलीय. असलं काही मध्ये आलं की साफ करावं लागतं.”

मी टाच आपटली. खाली खडक होता. तो आला, वाकला, हाताने गवत बाजूला केलं, खडकावर बोट आपटून पाहिलं. चारा त्याने टेकडी म्हणून ठेवला होता आणि टेकडी चारा म्हणून पुसली होती. त्याचे कान लाल झाले.

गंजी आणि टेकडी मापाने सख्ख्या बहिणी निघाल्या. मी तिथेच बसून ड्रॉईंगवर आखूड खांब मधून उचलून टोकाला लावले आणि टोकाचे लांब खांब मध्ये नेले. दोन-चार सोडले, तर सगळे बसले.

“म्हणजे टेकडी सरकली,” ऑफिसात नवं ड्रॉईंग बघून साहेब खूश होऊन म्हणाले. “गुरांच्या वर्दळीमुळे सरकली, असं लिहा. मंजूर.”

नोकरी वाचली. मी हुश्श करते, तोच नवरा उठून उभा राहिला.

“साहेब, टेकडी सरकली नाही. मी चुकलो.”

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. ज्या शब्दांची मी बारा वर्षं वाट पाहिली, ते मिळाले साहेबांना.

साहेबांनी चष्मा काढला. “टेकडी सरकली, हे मंजूर झालंय. आता तुमची चूक मी कुठे बसवू? खाली बसा.”

घरी जेवताना त्याचा घास हातातच राहिला. “एवढं धाडस करून सांगितलं, तर ऐकूनच घेतलं नाही गं त्यांनी.”

“मग मला सांग.”

त्याने घास ताटात ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं. “मी चुकलो. दोन्हीकडे.”

माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. “पुन्हा म्हण.”

“आता काय रोज म्हणू का?” त्याने घास तोंडात घातला आणि थांबला. “भाजीत मीठ जास्त झालंय.”

“मीठच तसलं होतं,” मी म्हणाले.