गेमच्या डब्यातलं कापसाचं वावर

मित्रांनो, मी सेलूच्या बसस्टँडमागच्या दुकानातला एक जुना गेमचा डबा आहे. माझं खरं नाव कंपनीनं पाठीवर इंग्रजीत छापलं होतं, पण ते हात लागून लागून पुसलं गेलं. तेव्हापासून सगळे मला डबाच म्हणतात आणि मीही त्या नावाला ओ देतो. सध्या माझा मुक्काम वालूरला, सारजाबाईंच्या घरी आहे. या वयात मला शेतीचं काम कसं लागलं, ते ऐका.

माझा जन्म लांबच्या देशातल्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. एवढं मात्र आठवतं, की बनवणाऱ्यांनी माझ्या रिमोटवर फार जीव लावला होता. साध्या बटणाला आपण दाबलो गेलो की नाही, एवढंच कळतं. माझ्या बटणांना हलका दाब कोणता आणि जोराचा कोणता, हेही कळतं. ही विद्या घेऊन मी मोठ्या तोऱ्यात भारतात उतरलो. पुण्यातल्या एका घरी थोडे दिवस राहिलो, मग तिथल्या मुलाला नवा डबा मिळाला आणि मला बाहेरचा रस्ता दाखवण्यात आला. मला घेतलं बजरंगनं. त्याला सेलूत गेमचं दुकान काढायचं होतं.

बजरंग मला आधी परभणीला सुगतकडे घेऊन गेला. सुगत टीव्ही दुरुस्त करायचा. त्यानं माझं झाकण उघडलं आणि पोटात नखाएवढी चिप बसवली. फक्त आपल्याच शिक्क्याचे प्रोग्रॅम चालवायचे, अशी ताकीद देऊन कंपनीनं मला पाठवलं होतं. चिप बसली आणि ती ताकीद निघून गेली. जाणकार लोक अशा डब्याला 'मॉडेड' म्हणतात. मला तर सासरी आल्यावर नाव बदलल्यासारखं वाटलं.

मग माझे भरभराटीचे दिवस सुरू झाले. कापसाच्या हंगामात दुकानात पाय ठेवायला जागा नसे. बाप सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यासमोरच्या रांगेत गाडी लावून बसे आणि पोरगं माझ्यासमोर येऊन बसे. मोटारी पळवायच्या, कुस्त्या खेळायच्या, हरलं की रिमोटवर राग काढायचा. मी तापलो की कोणीतरी परीक्षेचा पुठ्ठा घेऊन मला वारा घालायचं. कौतुकाला तोटा नव्हता. पण बटणं मात्र सगळे बडवतच असत. हलका दाब नावाची काही गोष्ट असते, हे त्या दुकानात कोणाच्या गावीही नव्हतं. माझी खरी विद्या तशीच पडून राहिली.

पुढे ज्याच्या त्याच्या खिशात फोन आला. फोनबद्दल मी वाईट बोलणार नाही, नाहीतर लोक म्हणतील, म्हातारा जळतो. जळतोच. बजरंगनं गेमचं दुकान मोडलं आणि तिथेच मोबाईलची कव्हरं विकायला सुरुवात केली. मला एका पोत्यात घालून त्यानं वालूरला, थोरल्या बहिणीच्या म्हणजे सारजाबाईंच्या घरी धाडलं. तिथे मी माळ्यावर चढलो. शेजारी सरकीचं पोतं, अंगावर धूळ आणि पोटात मुंग्यांचा संसार. डिस्क वाचायचं माझं भिंग आधीच मंद झालं होतं, ते तिथे पुरतंच गेलं. आपली कोणाला आठवणही येत नाही, या विचारानं मला फार वाईट वाटायचं.

माळ्यावर घरातलं सगळं ऐकू येई. कापूस वेचण्यात सारजाबाईंचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. वेचणीच्या टोळीतल्या बाया त्यांच्या मागे चालत आणि त्या ज्या तासाला, म्हणजे झाडांच्या ओळीला, लागत तिथून वेचणी सुरू होई. गेल्या उन्हाळ्यात त्यांना लकव्याचा झटका आला. पाय सुधारले, बोलणं सुधारलं, पण उजवा हात लुळा राहिला. परभणीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "बोटं रोज चालवा. आत्ता चालवली तर येतील. हे दिवस असेच गेले तर मग अवघड आहे." दाबायला त्यांनी एक रबरी चेंडूही दिला.

सारजाबाईंनी तो चेंडू पिठाच्या डब्यामागे सारून दिला.

"रिकामा हात दाबीत बसायला मी काय लेकरू हाय?" त्या म्हणाल्या. "कामाचं काय असंल तर सांगा."

त्या सगळं डाव्या हातानं करू लागल्या आणि उजवा पदराखाली झाकून ठेवू लागल्या. टोळीच्या बाया दारात येऊन हाक मारत, तर या आतूनच म्हणत, "पुढं व्हा माय, मला काम हाय." काम काहीच नसे. मग संध्याकाळच्या वेळी ओट्यावर बसणंही त्यांनी सोडून दिलं. हात गेला तो गेला, पण बाईच घरात विझत चालली होती, आणि डॉक्टरांनी सांगितलेले दिवस एकेक करून सरत होते.

त्यांची लेक प्रियंका सेलूच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. रोज एसटीनं जायची आणि यायची. आईच्या बोटांसाठी तिनं फोनवर नाना खेळ आणून पाहिले. पण काचेला बोट लागल्याचं कळतं, बोटात जोर किती आहे ते कळत नाही. सारजाबाईंचं बोट काचेवरून नुसतं घसरायचं. शोधता शोधता प्रियंकाला माझ्या जातीच्या डब्यांची माहिती सापडली. बजरंग घरी आला तसं तिनं विचारलं, "मामा, तुझा तो गेमचा डबा कुठं हाय?"

"तुमच्याच माळ्यावर हाय की. पण त्याचा डोळा गेलाय. भंगारवाला बी घेत न्हाई त्याला."

"मला डोळा नको, मामा. त्याची बटणं पाहिजेत."

मित्रांनो, हे ऐकून मला काय वाटलं असेल, तुम्हीच विचार करा. तिनं मला खाली उतरवलं, मुंग्यांना बाहेर काढलं, जुन्या दातांच्या ब्रशनं माझा कानाकोपरा साफ केला. बजरंगनं दुकानातला जाड टीव्ही आणून दिला.

माझ्यासारख्या जुन्या डब्यांवर जीव असलेली माणसं जगभर आहेत. ती कंपनीची वाट न बघता आमच्यासाठी स्वतः प्रोग्रॅम लिहितात आणि एकमेकांना वाटतात. त्याला होमब्रू म्हणतात. तुम्ही घरचं लोणचं समजा. प्रियंकानं त्यांची अवजारं उतरवून घेतली, आपल्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम लिहिला आणि पेनड्राइव्हवर घालून मला दिला. सुगतच्या चिपमुळे मला तो चालवता येत होता. पहिल्यांदा पडदा काळाच राहिला. मग हिरवा झाला आणि मी गपगार पडलो. चूक तिच्या लिहिण्यात होती, रपाटा मात्र माझ्या पाठीत बसला. तरी ती मागे हटली नाही. एसटीत बसून विचार करायची आणि घरी आली की बदल करून बघायची. अखेर श्रावणात माझ्या पडद्यावर कापसाचं वावर उभं राहिलं. झाडं, पांढरी बोंडं, कडेला धुरा, म्हणजे बांध. बटण बेतानं दाबलं तर बोंडातला कापूस अलगद सुटे. जोरात दाबलं तर सोबत पाचोळा येई, आणि हलकं दाबलं तर काहीच येत नसे.

प्रियंकानं आईला टीव्हीसमोर बसवलं. सारजाबाईंनी पडद्यावरची झाडं निरखली.

"कुणाचं वावर हाय हे?"

"तुझंच, माय. कापूस फुटलाय बग. वेच."

त्यांनी डाव्या हातानं रिमोट घेतला आणि लगेच खाली ठेवून दिला.

"शितादही केली का?"

परभणीकडच्या मुलांना हे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. कापसाची पहिली वेचणी करण्याआधी बाया धुऱ्यापाशी एका झाडाखाली पाच खडे मांडतात, हळदकुंकू वाहतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि थोडा भात वावरात शिंपडतात. त्याला शितादही म्हणतात. ती झाल्याशिवाय कापसाला कोणी हात लावत नाही. प्रियंकानं झाडं लिहिली, बोंडं लिहिली, पाचोळासुद्धा लिहिला. नेमकी शितादहीच ती विसरली.

"माय, गेम हाय हा," ती म्हणाली.

"गेम असू दे. कापूस हाय ना? तसाच हात लावू का त्याला?"

बजरंग हसू लागला. "आक्का, टीव्हीतल्या कापसाला कशाची आलीय शितादही?"

"तू दुकान उघडताना उदबत्ती कामून लावतूस? कव्हरं काय वास घेतेत?"

प्रियंका रागानं उठून बाहेर गेली. तिच्या इतक्या दिवसांच्या मेहनतीवर पाणी पडलं होतं. मला तिची फार कणव आली, आणि माझीही. वाटलं, आता परत माळ्यावर.

पण ती पोर आईच्याच हट्टाची निघाली. दोन-चार दिवस ती फुगून राहिली आणि मग लॅपटॉप घेऊन बसली. तिनं धुऱ्याजवळ पाच खडे लिहिले. बटण दाबून धरलं की खडा उचलला जाई, झाडाखाली पोचेपर्यंत दाब तसाच ठेवावा लागे, मध्येच ढिला पडला की खडा खाली. भात शिंपडायला मागचं बटण, तर्जनीचं.

सारजाबाई पुन्हा समोर बसल्या. सवयीनं डावा हात पुढे आला. बटणावर टेकणार तोच त्यांनी तो मागे घेतला.

"दाब की, आक्का," बजरंग म्हणाला.

"डाव्या हातानं खडे मांडू व्हय?"

देवाचं काम डाव्या हातानं करत नाहीत, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सारजाबाईंनी डाव्या हातानं आपला उजवा हात पदराखालून बाहेर काढला आणि माझ्या रिमोटवर ठेवला. अंगठा बटणावर नीट बसवला. त्यांच्या कपाळावर घाम आला.

आणि मला दाब कळला. एवढासा, अगदी नावालाच. दुसऱ्या कोणत्या बटणानं तो ध्यानातही घेतला नसता. मी तो मोजला आणि पडद्यावरचा खडा जागचा हलला. लगेच पडलाही, पण हलला होता. मित्रांनो, मला जे येत होतं ते त्या दिवशी पहिल्यांदा कोणाच्या उपयोगी पडलं. मला इतका आनंद झाला, की डोळे असते तर मी रडलो असतो.

"हलला," सारजाबाई म्हणाल्या. "माझ्यानंच हलला का गं?"

"तुझ्यानंच, माय."

त्या दिवशी एकही खडा झाडाखाली पोचला नाही. पण मांडायला घेतलेली पूजा अर्धवट सोडता येत नाही, म्हणून त्या दुसऱ्या दिवशी बसल्या, तिसऱ्या दिवशीही बसल्या. चेंडू चार वेळा दाबायला ज्यांच्या जिवावर येई, त्या एका खड्यापायी भाकरी करायची वेळ विसरू लागल्या. गौरी जेवून गेल्या तोवर दोन खडे लागले होते. पुढच्या पंधरवड्यात, पितरपाटात, पाचवा लागला. भात शिंपडून झाला तेव्हा त्यांनी प्रियंकाला खराखुरा दहीभात कालवायला लावला आणि वाटी माझ्यासमोर ठेवली. प्रसाद बजरंगनं खाल्ला, आणि वर आणखी मागून घेतला. मग वेचणी सुरू झाली. पाचोळा आला की सारजाबाई स्वतःवरच चिडायच्या. डॉक्टरांनी बोटं तपासली आणि म्हणाले, "जे काही करताय ते बंद करू नका."

दसऱ्यानंतर टोळीच्या बाया दारात आल्या. त्या दिवशी आतून "पुढं व्हा" असं कोणी म्हटलं नाही. सारजाबाईंनी कापूस टाकायची ओटी कमरेला बांधायला तेवढी लेकीची मदत घेतली आणि त्या बायांसोबत निघाल्या. मी घरीच होतो. दिवसभर मला काही सुचलं नाही.

उन्हं कलल्यावर त्या परत आल्या. चेहरा उन्हानं रापला होता. प्रियंका समोर आली तशी त्यांनी ओटीतून कापूस काढून तिच्या तळहातावर ठेवला. उजव्या हातानं ठेवला, उजव्यानंच वेचलेला. मूठभरही नव्हता.

"बाया म्हणल्या, बस झालं, सावलीत बस. मी बसले न्हाई," त्या म्हणाल्या. "बग, पाचोळा हाय का त्याच्यात?"

प्रियंकानं कापूस उलटसुलट करून बघितला. तिचे डोळे भरून आले होते, तरी तिनं खोटं सांगितलं नाही.

"हाय माय. थोडा हाय."

"हाय ना? मग डबा चालू कर."

मित्रांनो, तुमच्या माळ्यावरही कोणीतरी धूळ खात पडलं असेल. त्याला भंगारात घालण्याआधी तुला काय काय येतं रे, असं एकदा विचारून बघा. आणि घरात कोणी पदराखाली हात झाकून बसलं असेल, तर त्याला नुसता धीर देऊ नका, त्याच्या मानाचं काम द्या. एवढीच माझी विनंती आहे. अजून पुष्कळ सांगायचं होतं, पण आता मला वेळ नाही. प्रियंकानं पेनड्राइव्ह लावलाय, सारजाबाई पाणी पिऊन समोर येऊन बसल्या आहेत आणि त्यांचा उजवा अंगठा बटणावर टेकलाय.